सकाळची घरघर, दुपारचा घोंघाट: वडगावातल्या छापखान्यातील संगणकाच्या पंख्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या वडगावात लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि वास्तुशांतीची आमंत्रणं छापणारं एक लहान दुकान आहे. मालक, त्यांच्या पत्नी आणि संगणकावर जुळणी करणारी एक ऑपरेटर मुलगी, एवढ्यांवर सगळं चालतं. गल्लीचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. यंत्राबद्दलचं मात्र जसं होतं तसं लिहिलं आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते बारीक तपशिलातच आहे.

दुकान आणि शेजारची साड्यांच्या यंत्रमागांची शेड यांच्यात एकच सामाईक भिंत आहे. वडगाव, शहापूर, खासबाग या पट्ट्यात घरादाराला लागून माग असणं नवीन नाही. भिंतीत वरच्या बाजूला एक लहान खिडकी आहे. ती उघडली की वारा येतो आणि वाऱ्याबरोबर सुताचा तूसही येतो. खिडकीखाली टेबल आणि टेबलाखाली, थेट जमिनीवर, संगणकाचं कॅबिनेट.

संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३-१४ च्या सुमाराचा. त्यात तीन पंखे होते. एक प्रोसेसरच्या हीटसिंकवरचा (हीटसिंक म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा), दुसरा एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पोटातला, तिसरा कॅबिनेटच्या मागच्या जाळीला लावलेला, आतली गरम हवा बाहेर टाकणारा. जुन्या धाटणीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या कोपऱ्यात बसतो आणि मागचा पंखा बरोबर त्याच्या खाली. दोघांत बोटभर अंतर. ही रचना पुढे फार महत्त्वाची ठरली.

या एका यंत्रात दुकानाची कित्येक वर्षांची कामं होती. मराठी पत्रिका, कन्नड पत्रिका, आणि एका पानावर मराठी तर दुसऱ्यावर कन्नड अशा दोन्हीकडच्या पाहुण्यांसाठीच्या पत्रिका. सीमाभागात ही तिसरी मागणी कायमच असते. जुन्या फायली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत बांधलेल्या होत्या. तो फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची तीच जुनी आवृत्ती असेल तरच जोडाक्षरं जागेवर राहतात, नाहीतर "श्री" फुटतो आणि कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे अक्षराखाली लागणारी जोडाक्षरांची रूपं, भलतीकडे जातात. म्हणून "जुनं झालंय, नवीन घ्या" हा सल्ला या दुकानाला वाटतो तितका सोपा नव्हता.

तक्रार

धनुर्मासात लग्नं नसतात, पण छापखान्याला तोच कामाचा महिना. संक्रांतीनंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका तेव्हाच हातावेगळ्या करायच्या असतात. त्या दिवसांत मालकांचा मला, म्हणजे संगणक दुरुस्त करणाऱ्याला, फोन आला.

"सकाळी चालू केलं की घर्रर्र करूलालंय बघा. मग आपोआप गप्प होतंय. दुपारी जेवायला बसलं की परत सुरू. एसएमपीएस बदलून झाला, तरी तसंच हाय."

एसएमपीएसची हकीकत अशी. आवाज कॅबिनेटच्या मागच्या वरच्या बाजूने येतो, हे सगळ्यांनाच कळत होतं. आधीच्या तंत्रज्ञाने यंत्र एका दुपारी आपल्या दुकानी नेलं, एसएमपीएसचा पंखा गेला असावा असं धरून एसएमपीएस बदलला, चालवून पाहिलं. आवाज नव्हता. यंत्र परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरघर पुन्हा हजर. बाराशे रुपये गेले होते आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे मालकांचा विश्वास उडाला होता. आता कुणी काहीही सुचवलं तरी "त्याने जाईल कशावरून?" हा त्यांचा प्रश्न तयार होता. प्रश्न अगदी रास्त होता.

पहिला निर्णय: हार्ड डिस्कचं आधी बघायचं

आवाज करणाऱ्या संगणकात पंख्याकडे बघण्याआधी हार्ड डिस्कची खात्री करावी, असं माझं ठाम मत आहे. पंखा गेला तर पंखाच जातो. डिस्क गेली तर पंधरा वर्षांच्या पत्रिका जातात. फिरत्या चकतीची डिस्क बिघडू लागली की ठराविक अंतराने "टक्, टक्" असा आवाज येतो किंवा तिच्या बेअरिंगचा उंच पट्टीतला सूर लागतो. घरघर तिची सहसा नसते, पण फोनवर ऐकलेल्या वर्णनावर विसंबून चालत नाही.

डिस्कच्या स्वतःच्या नोंदी तपासणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने पाहिलं. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे माहिती साठवायचे कप्पे. खराब म्हणून बदललेले किंवा वाचता न येणारे, रांगेत अडकलेले सेक्टर असले तर ते आकडे तिथे दिसतात. दोन्ही शून्य होते. तरीही कॅबिनेट उघडण्याआधी सगळ्या फायली, फॉन्टांच्या फोल्डरसकट, बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. मालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता, कारण पत्रिकेचं एक गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्यांना सांगितलं, "अण्णा, आवाज उद्याही काढता येतो, फायली उद्या आणता येणार नाहीत." ते थांबले.

दुसरा निर्णय: यंत्र न्यायचं की तिथेच ऐकायचं

यंत्र उचलून आपल्या टेबलावर नेणं तंत्रज्ञाला सोयीचं असतं. हत्यारं हाताशी असतात, उजेड असतो, दुसरे भाग लावून बघता येतात. या प्रकरणात तेच एकदा करून झालं होतं आणि त्यातून काही हाती लागलं नव्हतं. आवाज विशिष्ट वेळीच येत असेल, तर त्या वेळेत काहीतरी आहे किंवा त्या जागेत काहीतरी आहे. यंत्र हलवलं की दोन्ही हातचं जातं. म्हणून तपास दुकानातच करायचा आणि तोही दुकान उघडण्याच्या वेळी, असं ठरवलं.

त्याआधी ऑपरेटर मुलीला एक काम दिलं. आवाज आला की वेळ लिहायची, त्या क्षणी संगणकावर कोणतं काम चालू आहे ते लिहायचं, आणि मोबाइल कॅबिनेटच्या मागे धरून थोडा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. यंत्रापाशी दिवसभर बसणाऱ्या माणसाला यंत्राबद्दल जे माहीत असतं ते बाहेरून आलेल्याला तासाभरात कळत नाही, मात्र त्याला कुणी नीट विचारावं लागतं. तिने नोंदी फार काळजीने केल्या.

रेकॉर्डिंगं ऐकली आणि पहिली गोष्ट उघड झाली. आवाज एक नव्हता. सकाळचा आवाज जाड, खरखरीत, लयीत चढउतार असलेला, मिनिटामिनिटाला उतरत जाणारा होता. दुपारचा मात्र सलग, वाऱ्याच्या झोतासारखा, एकाच पट्टीत टिकून राहणारा. पहिला घासण्याचा, दुसरा वेगाचा. पंख्याच्या तक्रारीत हा फरक सगळ्यात आधी करावा. घासण्याचा आवाज म्हणजे बेअरिंग, पात्याला लागणारी वायर किंवा सैल स्क्रू. वेगाचा आवाज म्हणजे पंखा ठणठणीत आहे, पण त्याला कुणीतरी जोरात पळायला लावतंय, आणि ते बहुतेक वेळा उष्णतेचं काम असतं. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने वाढतो, त्यामुळे बारीकसा पंखासुद्धा पूर्ण वेगात खोली भरून टाकतो.

वेळेचं कोडं

आता वेळा. नोंदींत घरघर सकाळी दुकान उघडल्यापासून साधारण नऊपर्यंत. घोंघाट एक ते दोनच्या दरम्यान. मधल्या वेळेत काहीच नाही. दोन वेगळ्या कारणांचे दोन आवाज घड्याळ लावल्यासारखे का येतात?

उत्तर भिंतीपलीकडे होतं. माग नऊला सुरू होतात आणि एकला जेवणासाठी बंद पडतात. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. भिंतीतून आणि खिडकीतून तो बराच गाळून आला तरी टेबलाखालचा पंखा त्यात ऐकूच येत नाही. म्हणजे मालक सांगत होते ती आवाज होण्याची वेळ नव्हती, ती आवाज ऐकू येण्याची वेळ होती. इतकी वर्षं मागांच्या शेजारी बसणाऱ्यांच्या कानाला खटखट जाणवतच नाही, त्यामुळे ती सांगावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे लक्षात आल्यावर नोंदीतला "आपोआप गप्प होतंय" हा भागही संशयास्पद झाला. घरघर खरंच थांबत होती, की नऊला माग सुरू झाल्यामुळे झाकली जात होती? यावर निदान अवलंबून होतं. खरंच थांबत असेल तर गरम होण्याशी त्याचा संबंध. फक्त झाकली जात असेल तर दिवसभर बेअरिंग घासतंय आणि पंखा आज ना उद्या अडकणार. हे तपासायला दुसरं काही नको होतं, माग बंद असलेला एक दिवस हवा होता. मागांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकान मुद्दाम उघडायला लावलं.

त्या दिवशी गल्ली शांत होती. घरघर सुरू झाली, वीसेक मिनिटांत उतरत गेली आणि थांबली. मग परत आली नाही. म्हणजे सकाळचा आवाज खरोखर थांबतो, आणि उबेने थांबतो. दुसरीकडे, पत्रिकांची मोठी फाइल पीडीएफ करायला लावल्यावर सकाळी साडेदहालाही "दुपारचा" घोंघाट सुरू झाला. तो दुपारचा नव्हताच. काम जड असेल तेव्हाचा होता.

सकाळचा आवाज: कोणता पंखा?

पंख्यांचे फेरे दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं तर त्यात प्रोसेसरचा एकच पंखा दिसत होता आणि त्याचा वेग अगदी व्यवस्थित होता. इथे फसायला होतं. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, फक्त तेच पंखे कळतात जे त्याच्या पिनांवर बसवलेले असतात आणि ज्यांची तिसरी वायर फेऱ्यांची खूण परत पाठवते. मागचा पंखा एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या जोडणीतून थेट १२ व्होल्ट घेत होता. त्याला दोनच वायरी. तो पूर्ण वेगात फिरतोय, रखडतोय की अडकलाय, याचा मदरबोर्डला पत्ताच नसतो. पडद्यावर सगळं ठीक दिसत असताना पाठीमागे घरघर चालू होती ती यामुळे.

ऐकण्यासाठी छापखान्यातलाच जाड कागद उपयोगी पडला. पत्रिकेच्या कार्डाची लांब सुरळी केली, एक टोक कानाला, दुसरं टोक एकेका पंख्याच्या मध्यभागाजवळ, पात्यांना न लावता. एसएमपीएसच्या जाळीपाशी साधा सूं आवाज. दोन बोटं खाली मागच्या पंख्यापाशी धरली की घरघर कानात शिरत होती. नुसत्या कानाला हे दोन बोटांचं अंतर कळत नाही, आणि आधी एसएमपीएस बदलला गेला तो तिथेच.

सुरळीवर थांबलो नाही. मेन स्विच बंद केला, मागच्या पंख्याची जोडणी काढली, पुन्हा चालू केलं. घरघर नाही. परत बंद, जोडणी लावली, चालू. घरघर आली. काढलं की जातो आणि लावलं की येतो, हे दोन्ही पाहिल्याशिवाय भाग दोषी ठरवू नये. आवाज नुसता गेला एवढ्यावर विश्वास ठेवला तर मधल्या काळात यंत्र तापल्यामुळे तो गेला असण्याची शक्यता राहते. आधीच्या दुरुस्तीत नेमकं तेच घडलं होतं. काही जण फिरता पंखा बोटाने थांबवून बघतात. तसं करायची गरज नसते. बोटाला लागतं आणि पातं तुटतं ते वेगळंच.

पंखा बाहेर काढला आणि बोटाने फिरवला. चांगला पंखा टिचकी मारली की काही फेरे सहज घेतो. हा अर्ध्या फेरीत थांबला. मागचं स्टिकर सोलल्यावर आत करडी, मेणासारखी चरबट गोळी दिसली, तिच्यात तूस कालवलेला. वास घेतला तर खोबरेल तेलाचा.

मग मालकांच्या पत्नीला आठवलं. "मे महिन्यात जरा कुरकुरत हुतं. शेजारचा मागाचा मिस्त्री म्हणाला, तेल सोडा. घरात खोबरेल हुतं, तेच सोडलं. लगेच गप्प झालं की ओ."

तिथे सगळं जुळलं. साध्या पंख्याचं बेअरिंग म्हणजे तेल मुरवलेली सच्छिद्र काशाची बाही. ते तेल वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटलं की दांडा कुरकुरतो. मे महिन्यात खोबरेल तेल पातळ असतं, त्यामुळे तात्पुरता गुण आला आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. पण खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. त्या दिवसांत बाटलीतलं खोबरेल ऊन दाखवल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रात्रभर तेच पंख्याच्या बाहीत होत होतं. सकाळी मोटर त्या गोळ्यातून दांडा फिरवायला धडपडायची, कॅबिनेट उबदार झालं की तेल वितळायचं आणि घरघर थांबायची. आधीच्या तंत्रज्ञाच्या दुकानात, दुपारी, हे दिसणं शक्यच नव्हतं.

मिस्त्रीचा सल्ला मुळात चुकीचा नव्हता. त्याच्या डोक्यात मागाला वापरतात ते पातळ मशीन ऑइल होतं, आणि त्याचा एक थेंब अशा पंख्याला बरेच दिवस चालवतो. कोणतं तेल, एवढंच सांगायचं राहिलं.

दुसरा आवाज: जड कामाचा

मागचा पंखा काढून ठेवलेला असताना आणि नंतर नवा बसवल्यावरही जड कामातला घोंघाट तसाच होता, म्हणजे त्याचं कारण वेगळं होतं. तापमान बघितलं. संगणक नुसता चालू असताना प्रोसेसर ५५ अंशांच्या आसपास, फाइल पीडीएफ करायला घेतली की काही क्षणांत ९० च्या वर. ही पिढी १०० अंशांजवळ पोचली की स्वतःचा वेग आपणहून कमी करते. "हल्ली फाइल सेव्ह व्हायला वेळ लागतोय" ही ऑपरेटरची तक्रार तिच्या नोंदवहीत एका कडेला होती. ती पंख्याशी संबंधित आहे असं तिलाही वाटलं नव्हतं, पण ती त्याच दुखण्याची दुसरी खूण होती.

पंख्याच्या वरून बघितलं तर हीटसिंक स्वच्छ दिसत होता. पंखा उचलल्यावर खाली अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तुसाचा जाड थर बसलेला दिसला, नमदा घातल्यासारखा. पंखा हवा ढकलत होता, ती खाली पोचतच नव्हती. शिवाय इंटेलचा हा कूलर, म्हणजे पंखा आणि हीटसिंक मिळून, चार दाबखुंट्यांवर बोर्डात अडकतो, त्यातली एक खुंटी सुटलेली होती. एक कोपरा केसभर उचललेला आणि आतली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) वाळून पापुद्रे झालेली.

आणखी एक कारण कॅबिनेटवरच होतं. तूस जाऊ नये म्हणून मालकांच्या पत्नीने जुन्या साडीचं सुंदर आवरण शिवलं होतं. काम चालू असताना पुढचा पडदा वर करायच्या, बाकीचं तसंच. कळकळीने केलेलं ते काम हवेची वाट अडवत होतं. हे सांगताना फार जपावं लागतं. आवरण रात्री घालायचं आणि सकाळी पूर्ण काढायचं, असं ठरलं, आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं.

विचारात घेतलेले पर्याय

मागच्या पंख्यासाठी पहिला पर्याय फुकटाचा होता: खोबरेल पुसून काढायचं आणि मशीन ऑइलचा थेंब सोडायचा. हंगामात एक दिवस काढायचा असेल तर हे करावंच. पण बाहीत तूस कालवला गेला होता आणि तो पूर्ण निघत नाही. दांडा झिजलेला असेल तर काही महिन्यांत पुन्हा तेच. गंज सोडवायचा स्प्रे मारू का, असंही मालकांनी विचारलं. तो स्प्रे उरलंसुरलं तेल धुऊन नेतो आणि स्वतः लवकर उडून जातो, म्हणून बेअरिंगला तो नको.

दुसरा पर्याय तसाच साधा, दीडशे-दोनशेचा पंखा. तिसरा, बॉल बेअरिंगचा, म्हणजे बाहीऐवजी बारीक गोळ्यांवर फिरणारा, चारशे-साडेचारशेचा. स्वच्छ, शांत खोलीत साधा पंखा आधी जास्त गुपचूप चालतो, हे खरं. पण इथे हवेत सतत तूस आहे आणि शेजारी माग आहेत. अशा जागी थोडा जास्त सूर सहन करून टिकाऊ बेअरिंग घेणं मला योग्य वाटलं. मागचा पंखा काढूनच टाकायचा हाही विचार मालकांनी बोलून दाखवला, कारण तो काढल्यावर शांतता होती. तो नाकारला. आतली गरम हवा बाहेर गेली नाही तर प्रोसेसरचा पंखा आणखी पळेल, म्हणजे एक आवाज घालवून दुसरा वाढवल्यासारखं होईल.

नवा संगणक घ्यायचा पर्याय प्रामाणिकपणे मांडणं भाग होतं. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होत्या. केव्हातरी हे यंत्र बदलावंच लागणार. पण ऐन हंगामात नव्या यंत्रावर जुने मराठी-कन्नड फॉन्ट आणि जुनं सॉफ्टवेअर बसवून प्रत्येक फाइल तपासत बसणं म्हणजे संक्रांतीच्या मुहूर्तांच्या पत्रिका अडकवणं. पंख्याच्या आवाजासाठी तो निर्णय घेऊ नये, तो शांत महिन्यात स्वतंत्रपणे घ्यावा, असं सुचवलं.

प्रत्यक्ष काम

काम रात्री, दुकान बंद झाल्यावर केलं. कॅबिनेट बाहेर ओट्यावर आणून ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवायची. हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंगला इजा होते, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते. एसएमपीएस उघडला नाही. त्यातले कपॅसिटर मेन बंद केल्यावरही काही काळ भार धरून असतात. बाहेरच्या जाळीतूनच तो साफ केला.

हीटसिंकवरचा थर चिमट्याने पापुद्र्यासारखा सोलून काढावा लागला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही खुंट्यांची टोकं फाकलेली आहेत ना, ते बॅटरीच्या उजेडात बघितलं. वरून "टक्" आवाज आला म्हणजे खुंटी बसली असं नाही. मागून पाहायला जेमतेम मिनिट लागतं, आणि तेवढ्यासाठी पुढे कूलर पुन्हा काढायची वेळ येत नाही.

नवा पंखा तीन वायरींचा घेतला आणि एसएमपीएसऐवजी मदरबोर्डवरच्या जोडणीला लावला. असा पंखा जेमतेम ०.१ ते ०.२ अँपिअर घेतो, बोर्डाला ते जड नाही. आता त्याचे फेरे पडद्यावर दिसतात. तो मंदावला तर कानाला कळायच्या आधी आकड्यात कळेल, आणि या दुकानात कानावर भिस्त ठेवता येत नाही हे एव्हाना स्पष्ट झालं होतं.

कॅबिनेट टेबलाखालून काढून खिडकीच्या समोरच्या भिंतीपाशी, दीड फुटी स्टुलावर ठेवलं. पुढच्या जाळीवर बारीक नायलॉनची जाळी वेल्क्रोने लावली. खिडकीलाही मच्छरदाणीची जाळी ठोकली. यातलं स्टूल सगळ्यात उपयोगाचं, कारण तूस शेवटी जमिनीवर बसतो आणि पायांच्या ये-जाने तिथेच उडत राहतो.

निकाल

दुसऱ्या दिवशी सकाळी, माग सुरू व्हायच्या आधी, घरघर नव्हती. पीडीएफ करताना तापमान ७० च्या आत राहिलं आणि प्रोसेसरचा पंखा चढला तरी जेवणाच्या वेळेत बोलण्यात अडथळा येत नव्हता. फाइल सेव्ह व्हायला लागणारा वेळही कमी झाला, याचा ऑपरेटरला सगळ्यात जास्त आनंद झाला. पुढचा पावसाळा आणि त्यानंतरची थंडी गेली, सकाळची घरघर परत आली नाही. पुढची नायलॉन जाळी मात्र पहिल्या महिन्यात धुवायची राहिली आणि तापमान पाच-सात अंशांनी चढलं. तेव्हापासून ती दर शनिवारी धुतली जाते.

पंखा, पेस्ट आणि जाळ्या मिळून खर्च आधी एसएमपीएसवर गेलेल्या बाराशेच्या निम्म्याहून कमी आला. आधीच्या तंत्रज्ञाने काढलेला जुना एसएमपीएस अजून चांगला आहे. तो पिशवीत घालून, "चालू आहे" अशी चिठ्ठी लावून दुकानातच ठेवायला सांगितला. कधी नव्या एसएमपीएसवर संशय आला तर लावून बघायला तोच उपयोगी पडेल.

काय वेगळं करता आलं असतं

एसएमपीएस बदलण्याच्या आधी त्याच जागी, थंड यंत्रावर, कागदाच्या सुरळीने पाच मिनिटं ऐकलं असतं तर बाराशे रुपये वाचले असते. दोष ज्या वेळी दिसतो त्याच वेळी भाग तपासावा, आणि ती वेळ तंत्रज्ञाच्या गैरसोयीची असेल तर तसं गिऱ्हाइकाला आधी सांगून वेळेचे पैसे घ्यावेत. बेळगावात काय किंवा खानापूर-निपाणीत काय, तपासण्याचे पैसे मागायला आपण संकोचतो आणि भाग विकून ते भरून काढतो. सुटे भाग उगाच बदलले जाण्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं, आणि ते बदलायला हवं.

"याआधी याला कुणी काय केलं?" हा प्रश्न पहिल्या फोनवरच सविस्तर विचारण्यासारखा होता. एसएमपीएसचं उत्तर आपसूक आलं, तेलाचं आलं नाही, कारण तेल सोडणं ही दुरुस्ती आहे असं घरात कुणाला वाटलंच नव्हतं. म्हणून प्रश्न "दुरुस्ती केली का?" असा न विचारता "कुणी उघडलं होतं का, काही सोडलं, पुसलं, हलवलं का?" असा विचारावा.

मागांच्या वेळा ध्यानात यायला काही दिवस गेले. नोंदवहीत "आजूबाजूला काय चालू-बंद होतं" असा एक रकाना पहिल्यापासून असता तर ते आधी दिसलं असतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेस आणि लेथ असतात, खानापूरकडे भात गिरण्या, निपाणीत तंबाखूच्या वखारी. वखारीत आवाज नसला तरी चिकट धूळ असते. तो रकाना आता मी प्रत्येक तक्रारीत ठेवतो आणि तो भरायचं काम यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाकडेच देतो.